धुराची भाकर

आमच्या गावात शुगर असलेला माणूस चारचौघांत बिनसाखरेचा चहा मागतो. बीपीची गोळी ओसरीवर बसून घेतो. दमा असलेली बाई मात्र तोंडाला पदर लावते आन् म्हणते, "हवा बदलली ना, म्हून."

माझी काकू दारव्ह्याकडची. कापूस संपला की शेतातल्या पऱ्हाट्या उपटून घरामागं त्यांची गंजी रचायची अन् वर्षभर त्याच चुलीत जाळायच्या, ही आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली जुनी रीत. त्या धुरापुढं बसून काकूनं चाळीस वर्षं घरादाराच्या भाकरी थापल्या. विडीला कधी हात लावला नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गावात सिलिंडर आले. पण भरून आणायला पैसे लागतात, पऱ्हाटी फुकट मिळते.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला यंत्रात फुंकायला लावलं अन् सीओपीडी सांगितला. यात श्वासनळ्या अरुंद होतात. आजार पुरता जात नाही, पण औषधानं श्वास मोकळा राहतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरी काकूनं पंप डाळीच्या डब्यात लपवला. "कोनाले सांगू नोको बापू. पोरीची सोयरीक व्हायची हाय."

लपवणं म्हणजे खोटं बोलणं काय? मला तसं म्हणवत नाही. खरं बोलायची किंमत लेकीनं मोजायची असेल, तर मायनं गप्प राहणं मी समजू शकतो. पण त्या गप्प राहण्याचीही किंमत होती, अन् ती काकूच्या छातीतून वसूल होत होती. पाहुण्यांपुढं दम लागला तरी ती पंप काढत नसे. त्यात शेजारणी सांगत, "पंप लागला म्हंजे मानूस संपला." खरं तर सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडकंच पुरतं.

शेवटी लेकच बोलली. पाहायला आलेल्यांना चहा देताना म्हणाली, "मायले चुलीच्या धुरानं दमा झाला. पंप घेते." ती सोयरीक मोडली. वर्षभरानं दुसरी जमली; तिथंही तिनं तेच सांगितलं.

लाज वाटावी असं काही माणसानं केलेलं असलं, तर लाज ठीक. काकूनं काय केलं होतं? भाकरी केल्या. त्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, सोयरीक मोडणाऱ्यांच्या घरीही कोणीतरी तशाच केल्या असतील. मग मान खाली तिनंच का घालावी?

आता पंप कोनाड्यात असतो, कुंकवाच्या करंड्याशेजारी. आल्यागेल्याला दिसतो. गेल्या हिवाळ्यात शेजारची म्हातारी हळूच विचारून गेली, "व माय, यवतमायले कोन्त्या दिवशी जा लागते?"