काय द्यावे, काय राखावे

तिकोणा पेठेतून गड चढणाऱ्या भाविकास प्रथम चपेटदान मारुतीचे दर्शन घडते, पुढे तळजाईचे लेणे लागते आणि अखेर माथ्यावर श्री त्र्यंबकेश्वर महादेवापुढे त्याचे हात जोडले जातात. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर पवनेचा जलाशय आणि तुंग, लोहगड, विसापूर हे सोबती गड नजरेच्या टप्प्यात येतात. जून १६६५ मध्ये झालेल्या पुरंदरच्या तहात छत्रपती शिवाजी महाराजांनी जे २३ किल्ले मोगलांना दिले, त्यांत तिकोण्यासह हे चारही गड होते. स्वराज्यात अवघे १२ किल्ले उरले. महाराजांनी ते देणे पत्करले, वेळ जाऊ दिला, आणि पुढे तिकोणा पुन्हा स्वराज्यात आला.

राजकारणात अशी देवघेव चालते. परंतु सत्ता जेव्हा मनुष्याच्या श्रद्धेलाच हात घालते, तेव्हा त्याने काय द्यावे आणि काय राखावे? येथे सत्ता म्हणजे केवळ राजा नव्हे. घरातील कर्ता पुरुष, गावचा अधिकारी, धर्मपीठावरील पंडित, फार काय, देवस्थानास देणगी देऊन मागाहून अट घालणारा धनिक, हे सारेच आपापल्या जागी सत्ताधीश असतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या मावळाच्या वेशीवर, इंद्रायणीच्या तीरी देहू आहे. श्री तुकाराम महाराजांच्या अभंगांवर वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतला की, शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगणे हा अधर्म होय. रामेश्वर भट्ट हे सामान्य गृहस्थ नव्हते. विद्वान म्हणून त्यांचा शब्द मानला जात असे. अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्यात, अशी आज्ञा झाली. तुकोबांनी वाद घातला नाही. स्वतःच्या हातांनी वह्या इंद्रायणीच्या स्वाधीन केल्या.

हे वाचून कोणी म्हणेल, मग यात ठामपणा तो कोणता? पुष्कळ वेळा आपण प्रवचनांतून वह्या तरल्याची कथा ऐकतो आणि मधला भाग घाईने ओलांडतो. परंपरा सांगते की, वह्या बुडविल्यानंतर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. तो मधला काळ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्या दिवसांत त्यांच्या हाती वह्या नव्हत्या, देव धावून येईल याची खात्री कोणी दिलेली नव्हती, आणि लोकांची बोलणी मात्र कानी येत होती. त्यांनी कागद दिला होता. विठ्ठलाशी असलेले नाते दिले नव्हते. ‘माझे चुकले, या वाणीवर माझा अधिकार नाही’ एवढे म्हटले असते तर सारे प्रकरण तेथेच मिटले असते. ते मात्र त्यांनी केले नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या मावळातील सुदुंबरे येथे ज्यांची समाधी आहे, त्या संत संताजी जगनाडे महाराजांच्या हातच्या अभंगांच्या वह्या आजही प्रसिद्ध आहेत. एका ठिकाणची वाणी नदीत गेली, तरी ती ऐकणाऱ्यांच्या ओठी आणि लेखणीत होतीच. वह्या वर कशा आल्या याविषयी ज्याची जशी श्रद्धा, तसे त्याने मानावे.

संत बहिणाबाईंची कसोटी याहून अवघड होती, कारण तिथली सत्ता घरातच होती. त्या ब्राह्मण कुळातल्या, पती वैदिक. कोल्हापुरात असताना त्यांना स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. शूद्र गुरू केल्याचा पतीस अतिशय संताप आला. त्यांनी बहिणाबाईंना मारहाण केली, त्यांचा त्याग करण्याचेही ठरविले. पुढे आजारपणात पतीचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस आले. तेथे मंबाजी गोसाव्याने ‘माझी शिष्या हो’ असा आग्रह धरला. बहिणाबाईंनी नकार दिला व त्याचा जाच सोसला. हे सर्व त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेविले आहे. त्यांनी संसार सोडला नाही, पतीची सेवा सोडली नाही. गुरू मात्र बदलला नाही. येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. बहिणाबाईंचे धैर्य वंदनीय आहे, म्हणून कोणा भगिनीने मार सोसावा हा धर्म ठरत नाही.

आपल्या नित्याच्या जीवनात प्रसंग इतके मोठे नसतात. कारखान्यात फिरत्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माळकऱ्यास अधिकाऱ्याने गळ्यातील तुळशीची माळ तेवढ्यापुरती काढून ठेवण्यास सांगितले, तर त्याने ती खुशाल काढून जपून ठेवावी. त्यात त्याचे काही जात नाही. परंतु त्याच अधिकाऱ्याने खोट्या हिशेबावर सही मागितली, तर? माळ घालताना वारकरी सत्याने वागण्याचे व्रत घेतो. सही केली की गळ्यात माळ असूनही ती गेलीच. आम्ही बहुधा पहिल्या प्रसंगी भांडतो आणि दुसऱ्या प्रसंगी मुकाट्याने सही करतो.

आणि जो टिकला नाही, त्याचे काय? नेताजी पालकर हे स्वराज्याचे सरनौबत. औरंगजेबाच्या कैदेत पडल्यावर १६६७ मध्ये त्यांना धर्मांतर करावे लागले. मुहम्मद कुलीखान या नावाने ते दूर काबूलकडे मोहिमेवर गेले. जवळजवळ नऊ वर्षांनी ते परतले, तेव्हा १६७६ मध्ये महाराजांनी प्रायश्चित्त देवून त्यांना स्वधर्मात घेतले. कैदेत मोडलेल्या माणसाची निर्भर्त्सना करणे घरी बसलेल्यास सोपे असते. महाराजांनी ती केली नाही.

शेवटी मनात एक शंका उरते. ठाम तर रामेश्वर भट्टही होते. आपण धर्माचे रक्षण करीत आहोत, असाच त्यांचाही प्रामाणिक विश्वास होता. मग तुकोबांची ती निष्ठा आणि भट्टांचा तो दुराग्रह, असे कशावरून म्हणावे? आम्हांस एवढेच दिसते की, तुकोबांच्या निष्ठेची किंमत तुकोबांनी स्वतः मोजली, उपाशी राहून. भट्टांच्या निष्ठेची किंमत मात्र दुसऱ्यास मोजावी लागत होती. हे भट्टांच्याही ध्यानी आले असावे. ते पुढे तुकोबांना शरण गेले, त्यांचे शिष्य झाले. गावोगावच्या मंदिरांतून आज तुकाराम महाराजांची जी आरती भक्तिभावाने म्हटली जाते, ती याच रामेश्वर भट्टांची आहे.