परवाना आणि प्रवेश

२००६ च्या उन्हाळ्यात गुगलच्या ‘समर ऑफ कोड’ या उपक्रमात ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकही अर्ज बाईचा नव्हता. ‘मुलींना यात रसच नसतो’ असं म्हणून प्रकल्पातल्या जाणत्यांनी विषय मिटवला नाही. त्याच वर्षी त्यांनी खास मुलींसाठी वेगळी योजना जाहीर केली आणि शंभर अर्ज आले. प्रकल्प तोच, कामही तेच. फक्त ‘कोणीही या’ऐवजी ‘तुम्ही या’ असं म्हटलं गेलं होतं.

ज्याच्या परवान्यानुसार मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. पुण्याला ते नवं नाही. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतलं ‘ग्नूनिफाय’ संमेलन, २०११ साली सीओईपीत भरलेली फेडोरा परिषद. हे काम जीव लावून करणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाशीही यात बायका इतक्या कमी का, हा विषय काढला की बहुधा एकच उत्तर मिळतं: आम्ही कोणाला अडवलंय? आम्ही कोड बघतो, माणूस बघत नाही. हे उत्तर प्रामाणिक असतं, म्हणूनच त्याचा नीट विचार करायला हवा. कारण कोडची देवाणघेवाण जिथे चालते त्या गिटहबने २०१७ साली जगभर केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी बायका जेमतेम तीन टक्के होत्या.

कागदावरची मोकळीक म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर जाईपर्यंत अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. तहानेची आणि कोडची बरोबरी मी करणार नाही. तिथे प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता. पण ठराव आणि पाणी यांच्यात जसं अंतर होतं, तसं ते परवाना आणि प्रवेश यांच्यातही असतं. आणि जे आधीच आत आहेत त्यांना ते सहसा दिसत नाही.

बाणेरला रात्री साडेआठला संपणारी बैठक, कर्वेनगरच्या वसतिगृहाचं नऊला बंद होणारं फाटक आणि मध्ये पीएमपीच्या बसची वाट बघणं: कोणी अडवलेलं नसतं, पण ती मुलगी येत नाही. नंदुरबारहून शिकायला आलेल्या मुलाला कोड लिहिता येतो. इंग्रजीत वाद घालता येत नाही. त्याच्या पहिल्याच दुरुस्तीवर कोणीतरी तुसडेपणाने लिहितं आणि तो परत फिरकत नाही. याहून मोठी अडचण वेळेची आहे. हे काम बरंचसं बिनपगारी, रिकाम्या वेळात होतं. कॉलेज सुटल्यावर जो फीसाठी दुकानात उभा राहतो, त्याच्याकडे रिकामा वेळ कुठून येणार? पुढे नोकरी देताना कंपन्या हेच फुकट केलेलं काम बघतात आणि त्याला गुणवत्ता म्हणतात. म्हणजे घरच्या सुस्थितीचे गुण आपण ज्याला वेळ मिळाला त्या मुलाच्या बुद्धीच्या खात्यावर मांडतो. मला यातला अन्याय सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो करणाऱ्याला आपण न्यायाने वागतोय असंच वाटत असतं.

नुकसान बाहेर राहिलेल्यांचंच होतं असंही नाही. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरने २००६ साली ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतलं, कारण पडदा वाचून दाखवणारी बाजारातली सॉफ्टवेअर अंधांना परवडत नव्हती. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. आज ते विनामूल्य आहे आणि मराठीही वाचून दाखवतं. ‘तऱ्हा’मधला र पडद्यावर चुकीचा उमटला, तर तोही आधी मराठी वाचणाऱ्यालाच खुपतो. ज्याला खुपतं तो कामात नसेल, तर ती चूक तशीच राहते.

ग्नोमच्या त्या योजनेचंच रूप पुढे ‘आउटरीची’ झालं. ती तीन महिन्यांच्या कामाचे सात हजार डॉलर देते, म्हणजे फुकट राबण्याची ऐपत गृहीत धरत नाही. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१८ साली आपल्या वर्षानुवर्षांच्या जहरी भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्याच सुमारास लिनक्सने आचारसंहिता स्वीकारली. इतक्या वरच्या माणसाला जे जमलं, ते पुण्यातल्या गटांना जड जाऊ नये. बैठक रविवारी सकाळी, बसच्या रस्त्यावर ठेवता येईल. प्रश्न मराठीत विचारला तर तो मराठीतच ऐकून घेता येईल. सूत्रसंचालनापुरतं नव्हे, कोड स्वीकारण्या-नाकारण्याच्या अधिकारापर्यंत मुलींना आणता येईल. पहिल्यांदा कोड पाठवणाऱ्याला चूक जरूर दाखवावी, पण ती चूक का आहे हेही दोन ओळींत लिहावं. त्याला लागणारा वेळ हा जाणत्यांच्या कामाचाच भाग आहे.