स्वतःच्या की संस्थेच्या?

नीतीचे प्रश्न माणसापुढे मोठ्या प्रसंगी उभे राहतात, असा माझा समज होता. तो एका गवत कापायच्या यंत्राने घालवला.

आमच्या वसाहतीच्या क्रीडा मंडळाला एक मैदान आहे आणि मैदानाला एक बसून चालवायचं पेट्रोलचं यंत्र आहे. मी बँकेत कारकून, त्यातून बी.कॉम., त्यामुळे मला न विचारताच मंडळाने मला खजिनदार केलं. पहिल्याच आठवड्यात माळी सखाराम दारात उभा. ‘‘साहेब, मशिनचा फिल्टर बदलायला झालाय. सकाळी चालू केलं की खडखडतंय. दोन वर्षं सांगतोय मी.’’

फिल्टर हा शब्द मी तोवर कॉफीच्या संदर्भातच ऐकला होता. पण खजिनदाराला अज्ञान दाखवून चालत नाही, म्हणून अभ्यास केला. हातानं ढकलायच्या लहान यंत्रांना ऑईल फिल्टर बहुधा नसतोच. त्यांचं ऑईल आत शिंतोडे उडवत काम करतं आणि काळं पडलं की ओतून टाकायचं, संपलं. मोठ्या इंजिनात मात्र पंप ऑईल दाबाने फिरवतो, आणि तिथे मुठीएवढा पत्र्याचा डबा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. आत घड्या घातलेला कागद. शिवाय दोन झडपा. एक झडप इंजिन बंद असताना ऑईल खाली उतरू देत नाही. तिचं रबर कडक झालं की सकाळी पहिले काही क्षण इंजिन कोरडंच फिरतं. सखारामची ‘खडखड’ ती हीच असावी. दुसरी झडप मात्र मला फार आवडली. कागद तुंबला, किंवा थंडीने ऑईल घट्ट झालं, की ती उघडते आणि ऑईल न गाळताच पुढे सोडते; कारण इंजिनाला घाणेरडं ऑईल थोडा वेळ चालतं, ऑईलच नसणं चालत नाही. आमच्या ऑफिसातल्या एका मॅनेजरसाहेबांचा सगळा कारभार या झडपेवर चालत असे.

हा फिल्टर 1923 साली अमेरिकेत निघाला. त्याचं ‘प्युरोलेटर’ हे नाव ‘प्युअर ऑईल लेटर’ या शब्दांवरून केलेलं. शुद्धता, पण नंतर! आमच्या मंडळाच्या घटनेत पहिलं कलम म्हणून घालायला हरकत नाही.

तर अशी तयारी करून, जुना डबा पिशवीत घालून मी बाजारात गेलो. दुकानदाराने डबा उलटा करून पाहिला, मला पाहिलं, आणि विचारलं,

‘‘स्वतःच्या मशिनला, की संस्थेच्या?’’

मी म्हटलं, ‘‘फरक काय?’’

‘‘साडेआठशेचा,’’ तो म्हणाला आणि काउंटरवर दोन डबे ठेवले. एक 1150 रुपयांचा, दुसरा 300 चा. रंग तोच, उंची तीच, आटे तेच. दोन्ही जुन्याच्या जागी हातानं फिरवून बसले असते. ‘‘संस्थावाले हा नेतात,’’ तो 300 वाल्यावर टिचकी मारत म्हणाला. ‘‘बिल कितीचं करू?’’

हा प्रश्न त्याने ‘चहा घेणार का’ इतक्या सहजपणे विचारला.

आता पाहा. पंचवीस वर्षं मी नोटा मोजतोय. खोटी नोट मला बोटांना कळते. उजेडात धरली की आतली खूण दिसते. फिल्टर कुठल्या उजेडात धरणार? आतल्या घड्या दाट आहेत की विरळ, झडप कितीला उघडते, झडप आहे तरी का, हे करवतीने कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर फिल्टर राहत नाही. बरं, वाईट फिल्टर लावला म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी बसत नाही. ते हळूहळू झिजतं आणि तीन-चार वर्षांनी बसतं. तोवर खजिनदार दुसरा असतो. म्हणजे 300 चा लावून मी बचत केली म्हणून वार्षिक सभेत टाळ्या घ्यायच्या, आणि इंजिन बसल्याचं खापर पुढच्या बापड्याच्या डोक्यावर. आमच्या कॉमर्समध्ये घसारा शिकवतात, पण तो कोणाच्या नावावर टाकायचा हे शिकवत नाहीत.

मला घाम फुटला आणि घामात मी एक खोटं बोललो. ‘‘स्वतःच्या,’’ म्हणालो.

दुकानदाराचा चेहराच बदलला. त्याने 300 चा डबा खाली ठेवला, 1150 चाही बाजूला सारला, आणि आतून तिसरा आणला. ‘‘मग हा घ्या साहेब. किंमत तीच, पण हा खरा.’’ वर सल्लाही दिला: रबराला बोटाने ऑईल लावा, हाताने आवळा, पान्याने नको. आणि बिल केलं. माझ्या नावाने.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाची जुनी फाईल उघडली. माझ्या आधीचे खजिनदार नाना. सात वर्षं, सात फिल्टर, सात बिलं; मंडळाच्या नावाने, शिक्क्यासकट, पैशाचा फरक नाही. अशी सुरेख व्हाउचरं मी बँकेतही फार पाहिली नाहीत. सखारामला जुना डबा कापायला सांगितला. आत कागदाच्या घड्या इतक्या विरळ, की मोजायला मला एकच हात पुरला.

नाना रोज संध्याकाळी मैदानाच्या बाकावर बसतात. वय अठ्ठ्याहत्तर. दोनदा मी तो कापलेला डबा पिशवीत घालून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून परत आलो. नाना स्वतः कधी दुकानात गेले नसतील, कोणाला तरी पाठवत असतील, असं मी मनाशी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तसं मला हवं होतं.

वार्षिक सभेत हिशेब तपासनिसांनी माझं 1150 चं बिल वर धरलं. खजिनदाराच्या वैयक्तिक नावाचं बिल! सभेत कुजबुज झाली. मी उठून दुकानातली हकिकत सांगायला तोंड उघडलं, तर पहिल्याच रांगेत नाना, कानामागे हात धरून, नीट ऐकायला पुढे झुकलेले. मी म्हटलं, ‘‘चूक झाली. रक्कम मी भरतो.’’

‘‘नियम तो नियम,’’ नाना मायेने म्हणाले. ‘‘शिकशील हळूहळू.’’

घरी आल्यावर ही म्हणाली, ‘‘अहो, पण फिल्टर तर खरा आणलात ना?’’ मी म्हटलं, दुकानदार तसं म्हणाला खरं.

सखाराम आता सकाळी यंत्र चालू करतो तेव्हा मी गॅलरीत उभा राहून कान देतो. खडखड ऐकू येत नाही. पण आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे.