‘येस सर’च्या पलीकडचा होकार

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी-कर्जतकडच्या वस्तीवरचं मूलही दहावी होईपर्यंत दहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसतं. या दहा वर्षांत त्याच्या तोंडी पक्का बसणारा होकार एकच, ‘येस सर’. पण तो हुकूम पाळणाऱ्याचा होकार आहे. बरोबरीच्या माणसाने मांडलेल्या बेताला होकार द्यायचा सराव वर्गात फारसा होत नाही.

मराठीत हेच मूल या बाबतीत तरबेज असतं. ‘रविवारी चांदबीबी महालावर जाऊ’ असं मित्र म्हणाला, तर ‘एका पायावर तयार’, ‘चालेल की’, ‘हरकत नाही’, ‘बघू’ यांतलं नेमकं काय म्हणायचं ते त्याला कळतं. ‘बघू’ ऐकून मित्रही समजतो, हा काही येत नाही. इंग्रजीतही अशा पायऱ्या आहेत. ‘ग्रेट आयडिया’मध्ये उत्साह आहे. ‘आय डोन्ट माइंड’मध्ये अडचण नाही, पण ओढही नाही. ‘ओके, बट आफ्टर द एग्झाम’ म्हणणारा होकारासोबत अट घालतो, आणि ‘लेट्स गो टू भंडारदरा इन्स्टेड’ म्हणणारा मान राखून दुसरा बेत पुढे करतो.

ही निव्वळ शिष्टाचाराची बाब नाही. सुप्याच्या एमआयडीसीत किंवा पुण्यात नोकरीला लागलेल्या पोराला साहेब इंग्रजीत विचारतो, शुक्रवारपर्यंत काम होईल का? होणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी तोंडून ‘येस सर’ निघतं. शुक्रवारी काम अडतं आणि ठपका त्याच्यावर येतो. ‘होईल, पण आणखी एक माणूस लागेल’ एवढं सांगायची इंग्रजी त्याला कुणी दिलेलीच नसते.

खरा होकार कसा असतो, हे याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवलं आहे. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या या गावात पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, उरेल त्यावर पिकं. ऊस आणि केळी नको, शेतीसाठी बोअरवेल नको, हे गावाने मान्य केलं. सरपंच म्हणून पोपटराव पवारांचं नेतृत्व होतंच, पण नुसत्या माना डोलावून हे नियम इतकी वर्षं टिकले नसते. काय सोडावं लागेल हे समजून लोकांनी होकार दिला, म्हणून ते टिकले.

अभ्यासक्रम संपवायचा की वर्गात अशा होकाराचा सराव करून घेत बसायचं, असं शिक्षक विचारतील. त्यांची ओढाताण खरी आहे. पण वाक्यांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा याला वेळ कमीच लागतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं द्यावीत. दोन मुलांनी सहलीचा बेत आखावा. एकाने सुचवावं, दुसऱ्याने मानावं, अट घालावी किंवा नाकारावं. व्याकरण चुकलं तर चुकू द्यावं. मात्र वर्गात सुचवणाऱ्याच्या जागी शिक्षकांनी उभं राहू नये. ते उभे राहिले की उत्तर पुन्हा ‘येस सर’च येईल.