सोळाव्या वर्षीचा चेहरा



स्कॉट वेस्टरफेल्ड यांची ‘अग्लीज’ ही कादंबरी २००५ साली आली. २०२४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्यातील शहरात १६ वर्षे पूर्ण होताच प्रत्येकाला शस्त्रक्रियेने सुंदर केले जाते. हेतू वरवर चांगलाच: रूपावरून कुणी कुणाला हिणवू नये. पुढे कळते, की त्याच वेळी मेंदूतही बदल करून माणसांना आज्ञाधारक बनवतात. इथे लेखकाने प्रश्न जरा सोपा केला, असे मला वाटते. मेंदूला हात लावला नसता, तर ते योग्य ठरले असते का? नायिका टॅली त्या दिवसाची आतुरतेने वाट पाहते. आपला चेहरा कुरूप आहे, हेच तिला शिकवलेले असते. तिच्या होकाराला होकार म्हणावे का? शे ही तिची मैत्रीण मात्र पळून जाते. पुढे तिलाही पकडून सुंदर करतात, आणि ती खुशीत असते. पूर्ववत करणारे औषध तिला नको असते.