स्कूटर दिली म्हणून सुटलास?

बसू नकोस, उभाच राहा. सुरतच्या लिंबायतमध्ये साड्यांचं दुकान चालवतोस, गिऱ्हाईक राखून आहेस, त्याचं कौतुक मी चारचौघांत केलंय. आज मात्र हे पत्रक माझ्यासमोर मोठ्याने वाच. ‘हजाराच्या खरेदीवर एक कुपन, दिवाळीला लकी ड्रॉ, पहिलं बक्षीस स्कूटर.’ छापण्याआधी कोणाला विचारलंस? आणि वर मला सांगतोस, “सर, रोख कुठे देतोय, वस्तूच तर देतोय!”

ही पळवाट तुला शिकवली कोणी? मी तर नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 297 काढ. सरकारी नसलेल्या आणि सरकारने परवानगीही न दिलेल्या लॉटरीची सोडत काढायला जागा ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुढचं पोटकलमही वाच. तशा सोडतीवर काही देण्याचा प्रस्ताव नुसता प्रसिद्ध केला तरी पाच हजारांपर्यंत दंड. आणि तिथे ‘रक्कम देणे’ याला लागूनच ‘माल देणे’ असं लिहिलंय. तुझी स्कूटर म्हणजे माल नाही तर काय?

“कुपन फुकट आहे,” हे उत्तर ओठावर आलंय, दिसतंय मला. मग साडी न घेता परत जाणाऱ्या बाईला देतोस का एक? नाही ना? वकील यावर वाद घालतील, एखादा जिंकेलही. तुला दुकान उघडायचंय की कोर्टाच्या तारखा सांभाळायच्यात?

हा कायद्याचा नवा चावटपणा आहे असंही समजू नकोस. सुरत मुंबई राज्यात होती तेव्हा बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं वेड इतकं होतं की चमारबागवाला यांच्या कोड्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 1957 साली. न्यायालयाने सांगितलं, ज्यात खरं कौशल्य लागतं ती स्पर्धा, नशिबावर चालतो तो जुगार. त्याआधीच 1955च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने अशा कोड्यांना महिन्याला एकूण हजार रुपयांच्या बक्षिसांची मर्यादा घातली होती, ‘रोख असो वा अन्य’ असं स्पष्ट म्हणून. ‘गुजरातची राजधानी कोणती?’ एवढं विचारून तुझा ड्रॉ कौशल्याचा होत नाही. पाचवीतलं पोरही हसेल.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तर तू उघडलेलाच नाहीस. खप वाढवण्यासाठी स्पर्धा किंवा सोडत घेणं हीच त्यात अनुचित व्यापारी प्रथा; नियमांनी सूट दिली असेल तेवढंच वेगळं. बक्षिसाचे पैसे साडीच्या किमतीत चढवून ‘मोफत’ म्हणणंही त्यातच. योजना संपल्यावर निकाल दाबून ठेवणंही त्यातच. ‘गुजरातमित्र’ दैनिकात जाहिरात दिलीस तर निकालही वाजवी वेळात तिथेच ठळकपणे द्यायचा, दुकानाच्या काचेवर चिठ्ठी चिकटवून भागवायचं नाही.

आता कर. स्कूटरची किंमत नव्वद हजार धर. दहा हजारांवरच्या जिंकलेल्या बक्षिसावर 30 टक्के कर, म्हणजे सत्तावीस हजार. रोख बक्षीस असतं तर कापून उरलेलं दिलं असतंस. स्कूटरचं चाक कापून सरकारला पाठवणार आहेस का? म्हणून कायदा म्हणतो, वस्तू ताब्यात देण्याआधी कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्याने करायची. देणारा म्हणजे तू. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही. पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये पाळी करणारा एखादा खानदेशी भाऊ जिंकला, तर चावीसाठी तो सत्तावीस हजार कुठून आणेल? फोटो काढून झाल्यावर हे सांगणार होतास त्याला?

रिंग रोडवरच्या ज्या घाऊक व्यापाऱ्याकडे पाहून हे सुचलं म्हणतोस, तो दुकानदारांना बँकॉकला नेतो. त्याचा हिशेब निराळा. धंद्यातून दिलेला असा लाभ वर्षात वीस हजारांवर गेला की 10 टक्के कर, 1 जुलै 2022 पासून. त्याची नक्कल करताना तेवढं तरी विचारायचंस.

इतकं द्यायचंच आहे ना? मग पाच हजारांच्या खरेदीवर प्रत्येकीला एक ठरलेली भेट दे, साडीचा भाव न चढवता. सोडत नाही, नशीब नाही. पण मग बँडबाजा लावून चावी देता येणार नाही, हे तुझं खरं दुखणं.

पत्रकांचे गठ्ठे वाटायला गेलेल्या पोरांना आत्ता फोन लाव. माझ्यासमोर. आणि शनिवारी सीएला घेऊन ये, नवा मसुदा हाताने लिहून.