आगगाडी, पासपोर्ट आणि किरणपाणी

युरोपने सीमा पुसून टाकल्या, असा सिद्धांत आमचे एक प्रवासवर्णनकार स्नेही सध्या मालवणपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक व्यासपीठावर मांडत फिरताहेत. पुरावा काय, तर ॲम्स्टरडॅमला त्यांची पासपोर्टासकट पिशवी गेली, तरी ते आगगाडीने ब्रसेल्सवरून पॅरिसला पोचले. ‘माका कोणीच इचारूक नाय!’ या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. मग साक्षीला ऑस्ट्रियन लेखक स्टेफान त्स्वाईग येतो. १९१४ पूर्वी आपण पासपोर्टाशिवाय हिंदुस्थान आणि अमेरिका पाहून आलो, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. मूळचे जग असे मोकळे होते म्हणे.

त्स्वाईग मला आवडतो, म्हणून तर भांडण. तो आला तेव्हा इथे त्याच्याच खंडातल्या लोकांचे राज्य होते. मालकाच्या पाहुण्याला दारवान अडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सोळाव्या शतकात याच किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना जवळ नसेल, तर आमच्या समुद्रात आमचेच गलबत जप्त व्हायचे. नाखवा कोण, हत्यारे किती, जाणार कुठे, सगळे त्यात लिहिलेले. शिवाय त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची ती वेगळीच. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हा डाव उलटवला आणि स्वतःचे दस्तक गोऱ्यांकडे मागायला सुरुवात केली. तेव्हा युरोपीय दप्तरांत ते चाचे ठरले!

आणि आगगाडीने युरोपची सरहद्द ओलांडायची, तर ॲम्स्टरडॅम कशाला हवे? गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा कॅसलरॉकला जकातवाल्यापुढे ट्रंक उघडायची, घाट उतरून कुळ्यास पोर्तुगीज जकातवाल्यापुढे पुन्हा उघडायची. १९५५ मध्ये ही वाहतूकच तुटली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला बांद्यापलीकडे पत्रादेवीला गोवामुक्तीचे सत्याग्रही निःशस्त्र आणि बिनकागदाचे आत शिरले. त्यांनाही पासपोर्ट कुणी विचारला नाही. थेट गोळ्या घातल्या.

स्नेही पॅरिसला पोचले, हे खरेच. १९९५ पासून शेंगेन देशांमध्ये एकमेकांच्या सरहद्दीवर सरसकट तपासणी नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर ती पुन्हा आणली. डब्यात पोलीस चढला की कोणाच्या आसनापाशी थांबतो, हे एखाद्या सावळ्या माणसाला विचारा. आमचे स्नेही घारेगोरे आहेत, हे ते व्याख्यानात सांगत नाहीत. पॅरिसच्या वकिलातीत मिळाले ते इमर्जन्सी सर्टिफिकेट भारतात परतण्यापुरतेच चालते, म्हणून पुढचे स्वित्झर्लंड बारगळले, हेही गाळतात.

इथवर आल्यावर कागदांविरुद्ध झेंडा उभारायचा माझा बेत होता, पण तो मला जमत नाही, आणि अडवतो तो पुन्हा त्स्वाईगच. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, त्याचा पासपोर्ट रद्दी झाला आणि इंग्रज कचेरीत परक्यांसाठीचा कागद मागायची वेळ त्याच्यावर आली. तो कागद हक्काचा नव्हता, मेहेरबानीचा होता. वेंगुर्ल्या-देवगडचा बोटीवरचा पोर परक्या बंदरात सीडीसी, म्हणजे खलाशाची अधिकृत पुस्तिका, खिशात जपून फिरतो तो काय उगाच? ती नसली तर त्याचे पुढचे सगळे अंमलदाराच्या लहरीवर. स्नेह्यांचे निभावते, त्यांना इंग्रजी येते, कार्ड चालते, ओळखी निघतात.

तरी कागदाचा हा हक्क ठरतो कशावरून, हे पाहायचे तर आरोंद्याच्या किरणपाणीला उभे राहावे. नदीपलीकडचे पेडणे सावंतवाडीकरांचेच, १७८८ मध्ये ते पोर्तुगीजांकडे गेले. तेवढ्यामुळे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी, पलीकडे जन्मलेल्या आजोबांचा नातू आज लिस्बनच्या दप्तरात घराण्याची जन्मनोंद लावून युरोपचा नागरिक होऊ शकतो. अलीकडचा त्याचा मावसभाऊ मात्र बँकेचे उतारे आणि बोटांचे ठसे घेऊन शेंगेन व्हिसाच्या रांगेत असतो. फक्त एक गोष्ट उलटी होते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते. मग आजीच्या वर्षश्राद्धाला पेडण्यात यायचे तर नातवाला व्हिसा किंवा परदेशस्थ भारतीयांचे ओसीआय कार्ड लागते, आणि मावसभाऊ मडुऱ्याला गाडीत बसून पुढच्याच स्थानकावर उतरतो.